नांद्रुकीचा गळा

"दिवाळीपर्यंत हे झाड हिरवं झालं पाहिजे! आणि एकाही फरशीला हात लावायचा नाही!"

भूपतराजांनी भर चौकात हुकूम सोडला आणि हैबती माळ्याच्या हातातली झारी खाली पडली.

राजांना फरशीचं वेड होतं. दोन वर्षांत त्यांनी सगळं नगर फरशीखाली घातलं. रस्ते झाले, अंगणं झाली, शेवटी बाजारचौकही झाला. चौकाच्या मधोमध एक जुनं नांद्रुकीचं झाड होतं. त्याच्या सावलीत सत्तर-ऐंशी माणसं सहज बसत. पाथरवटांनी त्याच्या बुंध्यालाही चारही बाजूंनी दगड भिडवला. फट म्हणून ठेवली नाही. राजांनी स्वतः वाकून, सांध्यात सुई घालून पाहिली होती. सुई गेली नाही, तेव्हा पाथरवटांना शेले मिळाले.

पावसाळा संपता संपता झाड पिवळं पडलं. मग पानं गळाली.

"महाराज," हैबती हात जोडून म्हणाला, "मुळांना पाणी मिळत नाही. बुंध्याभोवती थोडी माती मोकळी केली तर..."

"म्हणजे चौकाला भोक पाडू? झाड सांभाळणं तुझं काम. जमत नसेल तर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी झाड तोडू, तिथंही फरशी बसवू आणि तुला वेशीबाहेर काढू!"

तेवढ्यात झाडाखालून आवाज आला, "मी करते हिरवं."

झाडाखाली गोजरा शिंपीण बसायची. तिच्या आधी तिची सासूही तिथंच बसून शिवायची. गोजरानं तोंडातला दोरा काढला आणि ती उठून उभी राहिली.

"तू?" राजे म्हणाले. "फरशीला हात न लावता?"

"मी बोटसुद्धा लावणार नाही."

"आणि माझ्या हुकमाशिवाय दुसरा कुणीही लावणार नाही!"

"बरोबर. आपल्या हुकमाशिवाय कुणीच नाही."

"तो हुकूम माझ्या तोंडून या जन्मात निघायचा नाही. हरलीस तर हैबतीबरोबर तूही वेशीबाहेर!"

"चालेल," गोजरा म्हणाली. "फक्त दसऱ्याचा अंगरखा मला शिवू द्या."

राजे खूश झाले. "शिव की! पण कसा? फरशीसारखा! चापून बसलेला. कुठं सुरकुती नको, कुठं फट नको."

"सुई जाणार नाही असा शिवते," गोजरा म्हणाली आणि तिनं गळ्याचं माप घेतलं.

रस्त्यात हैबतीनं तिला गाठलं. "गोजराबाई, अंगरख्यानं झाडाला पालवी फुटते का?"

"हैबतीदादा, तुम्ही दसऱ्याला पहार घेऊन या. पाथरवटांनाही आणा."

दसरा उजाडला. अंगरखा घालायला चौघं लागले. गळपट्टीची शेवटची शिवण गोजरानं राजांच्या अंगावरच घातली. आरशात सुरकुती दिसत नव्हती. राजांनी मान हलवून पसंती द्यायचं ठरवलं, पण मान हलली नाही. मग त्यांनी डोळ्यांनीच पसंती दिली.

रिवाजाप्रमाणे राजे चौकात नांद्रुकीखाली सोनं घ्यायला बसले. दरवर्षी तिथं गार वाटायचं. यंदा डोक्यावर पान नव्हतं आणि आश्विनातलं ऊन फरशीवरून उलटं अंगावर येत होतं. रांग वेशीपर्यंत गेली होती. लोक आपट्याची पानं देत होते, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणत होते आणि राजे तांबडे होत होते.

"पाणी!" ते कसेबसे म्हणाले.

पाण्याचा तांब्या आला. राजांनी तोंडात घोट घेतला, पण तो गळ्याखाली उतरेना. पाणी हनुवटीवरून गळपट्टीवर आलं, तिथून छातीवर आणि पोटावरून खाली फरशीवर वाहून गेलं. दुसरा तांब्याही तसाच गेला. तिसराही!

"सगळं पाणी बाहेरूनच चाललंय," गर्दीतली एक म्हातारी म्हणाली. "आत काहीच जात नाही."

"गोजरा!" राजांचा आवाज शिट्टीसारखा आला. "जीव चाललाय माझा! सैल कर! चारही बाजूंनी मोकळं कर! चांगली हातभर जागा सोड!"

"हातभर?" गोजरानं शांतपणे विचारलं.

"हातभर! आत्ताच्या आत्ता! हुकूम आहे माझा!"

गोजरा मागं वळली. "ऐकलंत ना, पाथरवटदादा? चारही बाजूंनी, हातभर. महाराजांचा हुकूम आहे."

हैबतीनं लगेच पहार सांध्यात ठोकली. खण्ण! पहिली फरशी उचकटली.

"अगं ए!" राजे ओरडले. "मी गळ्याचं बोलत होतो!"

"मीही गळ्याचंच बोलतेय, महाराज," गोजरा म्हणाली. "या झाडाच्या गळ्याभोवती आपण पाच महिने हेच माप घातलंय. आपल्याला तर अजून दोन घटकाही झाल्या नाहीत."

राजांनी झाडाकडे बघितलं, ओल्या पोटाकडे बघितलं. त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले, डोळे पाणावले.

"काय होतंय महाराजांना?" प्रधान घाबरला.

"हसू येतंय," गोजरा म्हणाली. "पण बाहेर पडायला जागा नाही."

तिनं कात्री घातली. कर्रर्र! आणि भूपतराजांचं हसणं पार वेशीपर्यंत ऐकू गेलं. एका दमात तीन तांबे पाणी पिऊन झाल्यावर ते पुन्हा हसले.

हैबतीनं मोकळ्या मातीत रोज पाणी घातलं. दिवाळीच्या पहाटे नांद्रुकीच्या फांद्यांवर तांबूस पालवी दिसली. राजे ढगळ सदरा घालून बघायला आले.

"जिंकलीस! हैबतीची शिक्षा रद्द. तुझं बक्षीस माग."

"नगरात आणखी दोनशे अकरा झाडं आहेत, महाराज. सगळ्यांचे गळपट्टे तंग आहेत. त्यांची मापं मला घेऊ द्या."

"तू कशाला? माझे पाथरवट आहेत की!"

"पाथरवट दगडाचं माप घेतात, महाराज. वाढत्या अंगाचं माप शिंपिणीलाच कळतं!"

राजे पोट धरून हसले. त्यांनी तिथल्या तिथं शिक्का मागवला आणि फर्मान काढलं: या नगरात गोजराबाईनं माप घेतल्याशिवाय कुठल्याही झाडाजवळ दगड ठेवायचा नाही, मग तो दगड खुद्द महाराजांचा का असेना!