मोरेश्वरला डॉल्फिन चावला

"पण मलाच का चावला, चाचा? माझी शीळ ऐकून येणारा तो..."

मोरेश्वर पावसे दारात उभा होता. उजवा हात पंच्यात गुंडाळलेला, पंचा लाल झालेला.

डॉक्टर हुसेन परकारांनी त्याला आत घेतलं. मोरीवर नेलं, पंचा सोडला आणि साबण लावून हात वाहत्या पाण्याखाली धरला.

बंदरावर सगळेच त्यांना चाचा म्हणत. मोरेश्वरला पोहायला त्यांनीच शिकवलं, बुडत्याला कसं ओढायचं तेही त्यांनीच. आता तो पर्यटकांना होडीतून डॉल्फिन दाखवायचा. बाकीचे शोधत फिरत. हा नुसती शीळ घाली, की पंखाला खाच असलेला एक डॉल्फिन येई आणि त्याच्या हातातून बांगडा घेई. लोक टाळ्या वाजवत.

"पुरे झालं ना धुणं?"

"नाही."

पाणी वाहत राहिलं...

"अंगठी काढ. बोट सुजलं की निघायची नाही."

मग धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, गोळ्या झाल्या, सैल पट्टी झाली.

"टाके?"

"चाव्याची जखम लगेच शिवली तर घाण आत कोंडते. रोज बघायची. लाली वर चढली, ताप आला, बोट वळेना झालं, तर थेट तालुक्याच्या दवाखान्यात जा. समुद्रातला प्राणी चावलाय, हे तिथे आधी सांग."

"उद्या होडीवर..."

"भरेपर्यंत खारं पाणी नाही."

मोरेश्वर चिडला. "आणि त्याला खायला कोण घालणार? तो माझी वाट बघेल, चाचा!"

"वाट बघायला कुणी शिकवलं त्याला?"

चाचा उठले. स्वयंपाकघरातून एक बांगडा आणला, मोरेश्वरच्या डाव्या हातात दिला आणि तो हात साबणाच्या गढूळ पाण्याच्या बादलीत बुडवला.

"दाखव. मासा कुठे संपला आणि बोट कुठे सुरू झालं?"

मोरेश्वर बादलीत बघत राहिला.

"आज एक लहान मुलगी मासा मागत होती," तो हळूच म्हणाला. "तिच्या हातात देणारच होतो..."

चाचांनी त्याचा हात बाहेर काढला, पुसला. दोघं पडवीत येऊन बसले. चहा आला.

"तुझ्या आजोबांची शिडाची होडी आठवते?"

"पुसट. शिडाला गेरूचा रंग होता."

"मी तिच्यातून पलीकडच्या गावांत रोगी बघायला जायचो. वारा पडला की होडी जागच्या जागी डुलायची. तुझे आजोबा विडी पेटवायचे, आणि मग डॉल्फिन यायचे. अगदी जवळ, श्वास ऐकू येईल इतके. तुझे आजोबा विडी विझवून हात मांडीवर ठेवायचे. कुणी बोलायचं नाही. थोडा वेळ सोबत, की गेले..."

"काही द्यायचे नाहीत त्यांना?"

"काय द्यायचं? सगळा समुद्र त्यांचाच."

चहा निवत गेला. समोर भरती चढत होती.

जखम भरली. करंगळी मात्र थोडी वाकडीच राहिली. मोरेश्वर पुन्हा होडी काढू लागला. शीळ बंद, मासे बंद. निघतानाच सांगायचा, "हात होडीच्या आत. पाण्यात उतरायचं नाही." काही दिवस तो खाचेचा डॉल्फिन होडीला घासत यायचा, तोंड उघडून थांबायचा. मोरेश्वर मान फिरवून घ्यायचा.

शिमग्याच्या सुमारास एका सकाळी चाचा होडीत येऊन बसले. खाडीच्या तोंडाशी मोरेश्वरने इंजिन बंद केलं.

दूर पाणी फुटलं. कळपच होता. खाचेचा पंख त्यातच होता. तो वर आला, खाली गेला, आणि होडीकडे न वळता आपल्या सोबत्यांत मिसळून निघून गेला.



"चाचा... विसरला तो मला."

चाचांनी पाण्यावरची नजर काढली नाही.

"त्याला आता तुझ्याकडून काही नको. आता कर त्याच्यावर माया."