रुईदऱ्याच्या बंबाची पाळी

रुईदऱ्याच्या अग्निशमन केंद्रात तीन लाल गाड्या उभ्या असतात. एक मोठी, पाच हजार लिटर पाण्याची. एक लहान, पेठेतल्या बोळांत शिरणारी. तिसरीवर शिडी आहे, आणि ती नव्या बॅटरीची वाट बघत दोन वर्षं जागची हललेली नाही. या तिघींच्या मागे, जुन्या विहिरीला लागून असलेल्या पत्र्याच्या छपराखाली, एक चौथा बंब आहे. लाकडी चाकांचा, पितळी पोटाचा, दोन्ही अंगांना लांब दांडे असलेला. चार माणसं इकडे, चार तिकडे; एक दांडा खाली गेला की दुसरा वर, आणि त्या जोरावर पाणी उडायचं.

या बंबाने गेल्या साठ वर्षांत एकही आग विझवलेली नाही. तरी रोज दुपारी चार वाजता गावातल्या एका घरचं माणूस विहिरीतून कळशीभर पाणी काढतं, बंबाच्या पोटात ओततं, आणि मग थोडा वेळ फाटकापाशी उभं राहून स्टेशनच्या रस्त्याकडे बघतं. याला पाळी म्हणतात. ती आजवर चुकलेली नाही. लग्नघर असो की सुतक, पाळी असते.

परवा जिल्ह्याहून दोन अधिकारी साधनसामग्री तपासायला आले. त्यांतल्या मॅडमनी हे बघितलं आणि लोटन आबांना विचारलं. आबा याच केंद्रात तीस वर्षं बंबावर होते, आता निवृत्त आहेत, पण दुपारी इथेच सापडतात.

"या पाण्याची गरज काय, आबा? हा पंप तर वापरात नाही."

"बंबाला गरज नाही, मॅडम," आबा म्हणाले. "बसा. चहा येतोय."

आणि त्यांनी जे सांगितलं ते असं.

नव्वदएक वर्षांपूर्वी रुईदऱ्यात चार जिन, म्हणजे कापसातली सरकी काढायचे कारखाने, होते. चैत्र लागला की कापसाच्या गाठींचे डोंगर उभे राहायचे आणि दर उन्हाळ्याला एखादा पेटायचा. शेवटी नगरपालिकेने बंब मागवला. तो रेल्वेने आला, स्टेशनपासून वाजतगाजत आला आणि मग आठ महिने कुलपात पडला. कारण उद्घाटन जिल्ह्याच्या गोऱ्या साहेबाच्या हस्तेच व्हायला हवं होतं आणि साहेबाला सवड नव्हती.

आता या बंबाची गोष्ट अशी, की त्याच्या पोटात चामड्याचे वायसर, म्हणजे गोल चकत्या, असतात. ते ओले असले तर फुगून घट्ट बसतात आणि पाणी ओढतात. सुकले की आक्रसतात, मग बंब नुसती हवा ओढतो. हे नगरपालिकेत कोणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारावं असंही कोणाला वाटलं नाही. उद्घाटनाला साहेब आले, हार झाले, भाषणं झाली. आठ गड्यांनी दांडे धरले. बंब साहेबांच्या तोंडावर नुसता खोकला.

जिनचे मालक रावसाहेब हेच नगरपालिकेचे अध्यक्ष. त्यांनी दुसऱ्या दिवशी सुपडूला बोलावलं. सुपडू हा चर्मकार समाजातला, मोटा शिवण्यात त्याच्या हाताला पंचक्रोशीत तोड नव्हती, असं सांगतात. त्याने बंब उघडला, फुटलेले वायसर काढले, आणि एका जुन्या मोटेचं चामडं कापून नवे बसवले. बंब चालला. पण रावसाहेबांना मोटेच्या चामड्याचा भरवसा वाटेना. कंपनीच्या कारखान्यात जाऊन अस्सल वायसर आण, कापायला शिकून ये, म्हणून त्यांनी त्याला मुंबईला धाडलं.

निघताना सुपडू बायकोला, तापीबाईला म्हणाला, "हे मोटेचं कातडं आहे. जन्मभर पाण्यात राहिलंय. ओलं आहे तोवर टिकेल. मी येईपर्यंत सुकू देऊ नको."

"किती दिवस?"

"पंधरा."

लग्नाला तिसरं वर्ष होतं. तापीबाईने पंधरा हा आकडा तेवढा ऐकला.

बंबखाना विहिरीला लागून होता. पण त्या काळी सुपडूच्या वस्तीतल्या माणसांना त्या विहिरीत दोर टाकायची मुभा नव्हती. विहीर आठ पावलांवर, नदी अर्ध्या कोसावर. तापीबाई रोज नदीच्या वाळूत झिरा उकरायची, वाटीवाटीने कळशी भरायची, आणि ती डोक्यावर घेऊन विहिरीवरूनच बंबखान्याला जायची. बंबखान्याचा शिपाई जेवून, झोप काढून चार वाजता कुलूप उघडायचा. तोवर ती उन्हात उभी. बंबाला तिचा हात लागलेला मात्र चालत असे, कारण बंब धुवायचं काम दुसरं कोणी करायला तयार नव्हतं.

पंधरा दिवस झाले. महिना झाला. एक कार्ड आलं. ते तिने शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतलं: वायसर कापायला शिकलो, अजून महिना लागेल, तो ओला ठेव. बस, एवढंच. ते कार्ड घेऊन ती दर बाजाराच्या दिवशी मास्तरांच्या ओट्यापाशी जायची. पुढे पुढे मास्तरांना ते पाठ झालं. एकदा त्यांनी वह्या तपासता तपासताच म्हणून टाकलं.

"कार्ड बघून वाचा, मास्तर," ती म्हणाली.

मास्तरांनी वही मिटली, चष्मा लावला, आणि कार्ड हातात घेऊन एकेक अक्षर वाचलं. त्यानंतर ते तसंच वाचत गेले, म्हणे.

दुसरं कार्ड आलं नाही.

विहिरीवरच्या बायकांना रोजचा विषय झाला. "नवरा गेला मुंबईला, अन् ही बसली सवत सांभाळत," एकीने टोमणा मारला. तापीबाई चालता चालता म्हणाली, "सवत असती तर उपाशी ठेवली असती." बायका हसल्या. त्यातल्या एकदोघी मात्र त्यानंतर ती येताना दिसली की बोलायचं थांबवायच्या.

चौथ्या वर्षी मुंबईला हमाली करणारा एक जण गावी आला. सुपडूला परळच्या पुलाखाली चपला शिवताना बघितलं, असं तो पारावर सांगत होता. कोणी म्हणालं, अरे तो तर पटकीत गेला. कोणी म्हणालं, त्याने तिकडे घर केलंय. तापीबाई थेट त्या हमालासमोर जाऊन उभी राहिली. सगळ्यांना वाटलं, आता ही विचारणार, कसे आहेत, एकटे आहेत का.

तिने विचारलं, "भाऊ, तुम्ही त्यांना सांगितलं का, वायसर ओला आहे म्हणून?"

त्याने मान खाली घातली. "बोलणं नाही झालं, वहिनी," एवढंच म्हणाला. खरंच बघितलं होतं की नाही, देव जाणे.

तिचा भाऊ न्यायला आला. सासरच्यांनी हा नाद सोडून दे म्हणून सांगितलं. ती कुठेच गेली नाही. सुपडूची चामडं कापायची रापी ती तेल लावून ठेवायची. पाणी ओतून झालं की फाटकापाशी उभी राहायची, कारण स्टेशनची मोटार त्याच सुमाराला यायची. मोटारीतून उतरणारं प्रत्येक माणूस पूर्ण उतरून चालायला लागेपर्यंत ती बघायची. त्यातल्या काहींची चाल पहिल्या दोन पावलांत त्याच्यासारखी वाटायची. तिसऱ्या पावलाला कळायचं. मग ती रिकामी कळशी उचलायची.

असे सात उन्हाळे गेले. या सात वर्षांत नगरपालिकेने बंबाला दर दसऱ्याला हार घातला. दुसरं काही केलं नाही.

सातव्या वैशाखात, दुपारी तीनच्या सुमाराला, रावसाहेबांच्या जिनमध्ये आग लागली. वारा पेठेच्या दिशेने होता. गाठी पेटल्या, मग सरकीचा ढीग, मग भिंतीपलीकडच्या घरांची छपरं धुमसू लागली. लोकांनी कुलूप तोडून बंब विहिरीपाशी ओढला, त्याची सोंड पाण्यात सोडली, दांड्यांना आठ जण लागले. बंब खोकला. त्यांनी आणखी जोर लावला. नुसती हवा. कोणी दैवाला दोष देऊ लागलं, कोणी कंपनीला, आणि एकाने बंबाला लाथ मारली.

वायसर ओले होते. पण या जातीच्या बंबाच्या पोटात आधी थोडं पाणी असावं लागतं, तरच तो विहिरीतलं पाणी वर खेचतो. कालचं पाणी रात्रीतून झिरपून गेलेलं. हे समजणारं माणूस गावात एकच होतं, आणि ते डोक्यावर कळशी घेऊन नदीकडून येत होतं.

धूर बघून ती पळत सुटली. कळशी मात्र हिंदकळू दिली नाही, असं सांगतात. गर्दीत शिरली तेव्हा नगरपालिकेचा एक सभासद ओरडला, "ए बाई, विहिरीपासून लांब."

"आधी त्याला पाजा," ती म्हणाली.

"काय?"

"रिकाम्या पोटी तो ओढणार नाही. सरका."

आणि ते सरकेपर्यंत न थांबता तिने आठ गड्यांच्या मधून वाट काढली, झाकण उघडलं आणि कळशी ओतली. "आता मारा. हळू," ती म्हणाली. पहिल्या झटक्याला बंब गुरगुरला. दुसऱ्याला सोंड ताठ झाली. तिसऱ्याला पितळी तोटीतून पाणी असं सुटलं की तोटी धरणारे दोघे मागे रेटले गेले. सात वर्षं नदीचं पाणी पिऊन राहिलेल्या मोटेच्या कातड्याने चार तास दम सोडला नाही.

आणि लोटन आबा इथे नेहमी थांबतात. कारण त्या पाण्यात पहिली कळशी तिची होती. ते पाणी विहिरीच्या पाण्यात मिसळलं, पेठेवर पडलं, देवळाच्या पायरीवर पडलं, ज्या बायका तिला पाहून दोर उचलून घ्यायच्या त्यांच्या घरांवर पडलं. त्या संध्याकाळी कोणी विटाळ धरून आंघोळ केली नाही. म्हणे पुष्कळ जण तसेच ओल्या कपड्यांनी ओट्यावर बसून होते.

तीन दिवसांनी पालिकेची सभा भरली. रावसाहेबांनी तापीबाईला बोलावून लुगडं-चोळी दिली आणि काय हवं ते माग म्हणाले. त्यात मोठेपणा किती आणि वाचलेली तीन गोदामं किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. जमीन मागेल, शिपायाची जागा मागेल, असं सभासदांना वाटत होतं.

तिने लुगडं बाजूला ठेवलं. "सात वर्षं मी एकटीने पाजलं," ती म्हणाली. "आता नदीवरून कळशी आणणार नाही. बंबाला या विहिरीचं पाणी द्या. आणि पाळी लावा. घराला एक दिवस. आमची वस्ती धरून."

"वस्ती धरून, म्हणजे या विहिरीवर?" आगीच्या दिवशी ओरडलेला तोच सभासद म्हणाला.

"बंब तुमचा, आग तुमची. पाणी नदीचं कशाला?"

रावसाहेबांनी विचारलं, "पाळी किती दिवस चालवायची?"

"ते येईपर्यंत."

"आणि तो आलाच नाही तर?"

तापीबाईने त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही धाडलं त्यांना, रावसाहेब," ती म्हणाली. "तुम्हीच सांगा."

यावर मत घेतलं गेलं नाही. कोणी विरोधात बोललं नाही, एवढंच. पालिकेच्या दप्तरात त्या सभेची नोंद नाही. उद्घाटनाचा दगड आहे, त्यावर साहेबाचं नाव आहे, अध्यक्षांचं आहे, कंत्राटदाराचंही आहे. सुपडूचं नाही, तापीबाईचं नाही. या गोष्टीला दगडाचा पुरावा मागणाऱ्याने तो मागत बसावं.

पहिली पाळी तिचीच होती. तिने आयुष्यात पहिल्यांदा त्या विहिरीत दोर सोडला, कळशी भरली, ओतली, फाटकापाशी उभी राहिली. मोटार आली, माणसं उतरली, गेली. मग ती रावसाहेबांच्या दारात गेली. त्यांची बायको बाहेर आली. तापीबाई म्हणाली, "आज आले नाहीत. उद्या तुमच्याकडे."

रावसाहेबांच्या बायकोने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "बरं. आम्ही वाट बघतो."

तापीबाई पुढे पुष्कळ वर्षं जगली. ती गेली त्या दिवशी पाळी कोणाकडे होती हे सांगायला आज कोणी नाही, पण बंबाला पाणी होतं, एवढं सगळे सांगतात.

आबांचा चहा निवून गेला होता. मॅडमनी बोटांवर वर्षं मोजली.

"आबा, ते सुपडू आज असते तर एकशे पंधराच्या आसपास असते."

"हिशोब आम्हालाही येतो, मॅडम," आबा म्हणाले.

आजही रुईदऱ्यात चार वाजता पाळी होते. नव्या गाड्यांचे पंप आपलं पाणी आपण ओढून घेतात, मोटारीचा थांबा कधीच दुसरीकडे हलला, आणि विहिरीवर आता कोणी कोणाला अडवत नाही. वायसर दर दसऱ्याला बदलतात. नवे सुपडूच्या वस्तीतलं माणूस कापतं. त्या दिवशी पाळी एका भांड्यांच्या दुकानदाराची होती. त्याने कळशी ओतली, फाटकाला टेकून स्टेशनच्या रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर एक रिक्षा थांबली, एक माणूस पिशवी घेऊन उतरला आणि चालू लागला. दुकानदाराने त्याची दोन-तीन पावलं बघितली. मग कळशी उचलली, रस्ता ओलांडला आणि शेजारच्या दाराची कडी वाजवली.

"आज आले नाहीत. उद्या तुमच्याकडे."

आतून कुकरच्या शिट्टीवरून एका बाईचा आवाज आला, "बरं, दादा. आम्ही वाट बघतो."