चाळीस गळे, ऐंशी टोकं

“मी असं सांगितलं नव्हतं!”

“तूच सांगितलंस.”

“अहो, मी विणायचं सांगितलं होतं. चालायचं नाही!”

“क्रम मोडायचा नाही म्हणालीस. मी मोडला नाही.”

एका गावात एक भोळा नवरा होता आणि त्याची बायको अजिबात भोळी नव्हती. त्या दोघांचं हे भांडण. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर निम्मं गाव विचारायला येईल, आमच्या घरातलं तुम्हाला कळलं कसं?

नवरा सोपान, बायको मथुरा.

गावावरच्या पठारावर एक निवासी शाळा होती. पोरं चाळीस. पौषात तिथं वारा असा सुटायचा, की प्रार्थनेला उभी राहिलेली पोरं दोन्ही हातांनी कान झाकायची. जोडायला हात उरायचेच नाहीत. मथुरानं हे एकदा पाहिलं आणि खाली येऊन महिला मंडळात उभं राहून सांगितलं, “चाळीस मफलर मी विणते.” तिला कुणी शिकवलं नव्हतं. सायकलच्या चाकाच्या तारा दगडावर घासून तिनं सुया केल्या होत्या आणि सात वेळा चुकून आठव्यांदा शिकली होती.

एकोणचाळीस झाले. चाळिसावा घ्यायचा, तर न्हाणीत पाय घसरला. उजवा हात प्लास्टरात. कार्यक्रम रविवारी. घरात हात असलेलं माणूस एकच.

“सोपं आहे,” ती नवऱ्याला म्हणाली. “पट्ट्यांची वीण. दोन टाके सुलट, दोन उलट. पुन्हा दोन सुलट, दोन उलट. क्रम मोडायचा नाही.”

“काही झालं तरी?”

“काही झालं तरी. आता जा, दुकानातून लोकर आणा.”

सोपान नऊ वाजता निघाला. बारा वाजता मथुरा बाहेर आली, तर नवरा उंबऱ्यापाशीच. दोन पावलं सुलट, दोन उलट. पुन्हा दोन सुलट, दोन उलट. घामानं भिजला होता.

तर भांडण हे असं सुरू झालं.

“रस्त्याला लागलं,” मथुरा दात खाऊन म्हणाली, “की नाकासमोर जायचं. मागं वळायचं नाही.”

“बरं,” सोपान म्हणाला. त्यानं लोकर आणली आणि विणायला बसला.

संध्याकाळी मथुरा बघते, तर मफलर बोटभर उंच आणि ओसरीच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत लांब. एक सुई भरली की ओळ संपते, मग सुया वळवून परत यायचं असतं. सोपान वळला नव्हता. त्यानं पुढं नवे टाके घातले होते. सुया संपल्यावर सायकलचं मागचं चाक सोडवलं होतं.

“मी असं सांगितलं नव्हतं!”

“तूच सांगितलंस. मागं वळायचं नाही.”

“अहो, चूक दिसली की माणसानं लाजू नये. तिथंच उसवावं, लोकरीचा नीट गुंडा करावा आणि पुन्हा सुरू करावं. कळलं?”

“चूक दिसली की उसवायचं. गुंडा करायचा.”

“शाबास!”

सोपाननं मफलर उसवला, गुंडा केला आणि जरा पाय मोकळे करायला पारावर गेला. तिथं महिला मंडळाच्या अध्यक्ष पुष्पलताबाई यांचे यजमान पेपर वाचत बसले होते. अंगात स्वेटर. पाठीवर, कमरेपाशी, एक टाका निसटलेला. सोपान मागं बसला. यजमानांचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून झाला, तेव्हा त्यांना गार का लागतंय ते कळेना. अंगावर गळ्याची पट्टी, दोन बाह्या आणि बनियन.

सोपाननं त्यांच्या हातात गुंडा ठेवला. “घ्या. चुकलं होतं. आता पुन्हा सुरू करा.”

पुष्पलताबाई तो गुंडा घेऊन मथुराच्या दारात आल्या. काय बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. त्या गेल्यावर मथुरा वळली.

“मी असं सांगितलं नव्हतं!”

“तूच सांगि—”

“ऐका! माणसाच्या अंगावर चढलेलं पुन्हा काढायचं नाही. कुणाचंही! आणि कुठं सुटं टोक लोंबताना दिसलं, तर ओढायचं नाही. शेजारच्या विणीत गुंतवायचं, गाठ मारायची आणि गाठ दिसणार नाही अशी आत दडवायची. म्हणा.”

सोपाननं तीन वेळा म्हणून दाखवलं. मग ती स्वतः समोर बसली आणि डाव्या हातात लाटणं घेऊन त्याच्याकडून चाळिसावा विणून घेतला. एकदम सरळ झाला. तिला उगाच वाटलं, आता नवऱ्याला समज आली.

रविवारी मंडळाच्या पटांगणात मांडव. पोरं पठारावरून पहाटे निघून चालत आलेली, ओळीनं बसलेली. पाहुणे जिपेतून, दोन तास उशिरा. पाहुण्यांना शाल, नारळ. शाल जाड, दोन्ही कडांना गोंडे. पोरांच्या गळ्यात मफलर पडले. फोटो निघाले.

तेवढ्यात पुष्पलताबाई मथुराच्या कानाशी लागल्या. “भाषण झालं की मफलर काढून खोक्यात भरायचे बरं का. पुढल्या आठवड्यात तालुक्याला मोठा कार्यक्रम आहे. तिथं वाटू. तिथं पेपरवाले असतात.”

“आणि ही पोरं?”

“त्यांना काय, सवय आहे थंडीची.”

मथुरानं तोंड उघडलं, पण कर्णा सुरू झाला. पाहुणे उबेवर बोलायला लागले. शाल पांघरून, खुर्चीवर बसून, तासभर बोलले. पहिल्या रांगेतले लोक डोळे मिटून ऐकत होते, मागच्या रांगेतले उघड घोरत होते.

सोपान पोरांच्या मागं उभा होता. त्याला काम काहीच नव्हतं. समोर चाळीस गळे आणि सुटी लोंबणारी ऐंशी टोकं. ओळीच्या टोकाशी पाहुण्यांची खुर्ची, तिच्यावरून लोंबणारे शालीचे गोंडे. तो खाली बसला.

भाषण संपलं. “चला बाळांनो,” पुष्पलताबाई म्हणाल्या, “मफलर काढा.”

पहिल्या पोरानं मफलर ओढला, तर दुसरा पोरगा त्याच्या अंगावर आला. दुसऱ्यानं ओढला, तर तिसरा. पाहुणे घाईनं जिपेकडं निघाले. त्यांच्यामागून पहिला पोरगा निघाला. त्याच्यामागून दुसरा. पाहुणे थबकले, चाळीस पोरं थबकली. पाहुणे पळाले, चाळीस पोरं आनंदानं पळाली. शेवटी पाहुण्यांनी शाल टाकली आणि जिपेत उडी मारली. नारळही राहिला.

“कात्री आणा!” पुष्पलताबाई ओरडल्या.

“लावा कात्री,” मथुरा म्हणाली. “एक टाका तुटला की चाळीसच्या चाळीस उसवतील.”

मग सगळे गाठी शोधायला लागले. एक सापडेना. सोपाननं काम चोख केलं होतं. तोवर पोरं पठाराची वाट चढायला लागली होती. पुढं पाहुण्यांची शाल, मागं एकाला एक गुंतलेले चाळीस. कान झाकलेले, हात मोकळे. हात हलवत चालली होती.

“या माणसाला हे करायला सांगितलं कुणी?” पुष्पलताबाईंनी खोकं आपटून विचारलं.

सोपाननं सवयीनं बायकोकडं बोट दाखवलं, सवयीनं म्हणाला, “हिनंच सांगितलं,” आणि सवयीनंच मान खाली घालून पुढच्या ओरडण्याची वाट बघत उभा राहिला.

मथुरानं एकदा वाटेकडं पाहिलं, एकदा रिकाम्या खोक्याकडं. मग पदर खोचला आणि सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल अशी म्हणाली, “हो, मीच सांगितलं होतं.”