पोत्याचा तळ

फार मागची गोष्ट आहे. त्या दिवसांत ऊन असं पडलंच नाही. थंडीचे दिवस होते, आणि धुकं इतकं दाट की समोरच्या घराचं दार दिसेना. चुलींचा धूरही वर जाईना, गल्लीतच लोळत राहिला. अशा कोंदट हवेत गावात ताप शिरला.

गाव डोंगराआडचं, लहानसं. गावात वाण्याचं एकच दुकान. त्याला लागून एका म्हाताऱ्याची झोपडी होती. म्हातारा बांबूच्या टोपल्या विणायचा. घरात तो आणि त्याची म्हातारी, तिसरं कुणी नाही.

त्या गावाची एक रीत होती, ती आधी सांगतो. दुकानात पोत्याचा तळ दिसू लागला, की गिऱ्हाइकं हात आखडता घेत. एकमेकांना विचारत, "कुणाची नड मोठी?" ज्याची नड मोठी तो उरलेलं नेई, बाकीचे मागे सरत. ही रीत कुणी घातली ते कुणाला ठाऊक नव्हतं. ती होती, एवढंच.

वाण्याचा बाप होता तोवर दुकानाच्या तोंडाशी प्रत्येक जिनसाची रास असे. शीग लावलेली. बाप म्हणायचा, "या, भरपूर आहे." लोक येत, लागेल तेवढं नेत आणि निवांत घरी जात.

बाप गेला आणि मुलगा गादीवर बसला. तोही वाईट नव्हता, पण त्याला घाई फार. एके दिवशी हळदीचं पोतं खरंच तळाला गेलं, तेव्हा त्यानं एक गंमत पाहिली. रीत पाळणारे मागे सरले खरे, पण काही जण पुढे घुसले. ज्यांना उद्या घेतली तरी चालली असती, त्यांनीही आजच घेतली. रास असताना जेवढी आठवड्यात खपत नसे, तेवढी दुपारपर्यंत खपली.

तेव्हापासून त्यानं रास लावणं सोडलं. भरली पोती आतल्या खोलीत आणि दाराशी एकच पोतं, तोंड दुमडून खाली केलेलं, आत चार मुठी माल. वर हाक, "संपत आलं हो! एवढंच राहिलं!" चार मुठी गेल्या, गिऱ्हाइकं पांगली, की पडद्याआड जाऊन आणखी चार मुठी आणायच्या.

त्याची बायको एकदा म्हणाली, "आत पोत्यांना पाय ठेवायला जागा नाही, आणि बाहेर दुष्काळ दाखवताय! शोभतं का?"

"मी कुणाचं माप मारतो का?" वाणी म्हणाला. "भाव चढवतो का? नुसतं पोतं तर ठेवलंय. बघणारे बघतात, घेणारे घेतात."

ती आत निघून गेली. पण गावात हळूहळू एक फरक पडला. रोजच तळ दिसू लागल्यावर रोज कोण मागे सरणार? लोक कोपरानं वाट काढायला शिकले. कुणाची नड मोठी, हे कुणी विचारीना.

टोपल्या विणणारा म्हातारा तेवढा अजून मागे सरायचा. लोक हसायचे. "अहो बाबा, तुम्ही असेच मागे सरत सरत नदीत पडाल!" तोही हसायचा.

तर, गावात ताप शिरला. त्या तापाला सुंठीचा काढा लागे. वेळेवर दिला तर ताप उतरे, नाही तर छातीत भरे. म्हातारीला तापानं गाठलं. म्हातारा सकाळीच दुकानाशी आला. धुक्यात गर्दी उभी होती. दाराशी सुंठीचं पोतं, तोंड दुमडलेलं. तळाशी मूठभर सुंठ.

"एवढीच राहिली हो!" वाण्यानं हाक दिली.

म्हाताऱ्यानं हात पुढे केला. तेवढ्यात मागून एक बाई आली, कडेवर मूल.

"लेकराला ताप आहे का गं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"अजून नाही हो बाबा. पण आला तर? घरात असलेली बरी."

म्हाताऱ्यानं त्या मुलाकडे पाहिलं. मग त्यानं हात मागे घेतला. "ने. लेकराचं घर आहे तुझं." आणि वाण्याला म्हणाला, "शेट, कुठून आणखी आली तर मला सांगा. म्हातारी तापली आहे."

वाण्यानं पडद्याकडे पाहिलं. आत तीन पोती भरलेली होती. हाक मारायला त्यानं तोंड उघडलंही. पण गर्दी समोर होती. आतून सुंठ काढून म्हाताऱ्याच्या हातात दिली, तर सगळ्यांना आतली पोती कळणार. त्यानं मनाशी म्हटलं, सांजेला गुपचूप नेऊन देऊ. शेजारीच तर आहे.

म्हातारा दिवसभर म्हातारीच्या उशाशी बसून निरोपाची वाट पाहत राहिला. सांजेला गर्दी वाढली. पडद्याआड जाऊन जाऊन त्याचे पाय दुखून आले. दिवा लागला, फळ्या लावल्या, आणि वाणी जेवून झोपला. भिंतीपलीकडून खोकला ऐकू येत होता. त्यानं कूस बदलली. सकाळी उठल्याबरोबर देऊ, असं म्हटलं.

सकाळी खोकला नव्हता.

धुक्यातच लोक जमले, धुक्यातच तिला घेऊन गेले. ज्या घरात कुणी गेलं त्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजारी जेवण नेतात. वाण्याच्या बायकोनं पिठलं-भाकरी केली. वाण्यानं ताट उचललं. मग काय वाटलं कुणास ठाऊक, आत जाऊन त्यानं सुंठीची एक मोठी पिशवी भरली आणि काखेत मारली. लोकांच्या कामी येईल म्हणावं, म्हाताऱ्याच्या हातानं वाटली जाईल म्हणावं. रिकाम्या हातानं जाववेना, हेच खरं.

म्हातारा अर्धवट विणलेल्या टोपलीशी बसला होता. त्यानं ताट घेतलं, बाजूला ठेवलं. पिशवी उघडून पाहिली. सुंठीचा एक तुकडा बोटांत धरला.

"ही आज आली का शेट?"

वाण्याला खोटं बोलता आलं असतं. जीभ वळली नाही. "नाही बाबा," तो म्हणाला. "आत होती. बरीच आहे."

"कालही होती?"

"होती."

म्हाताऱ्यानं पिशवीचं तोंड पुन्हा बांधलं. गाठ सावकाश मारली.

"बाबा, शिव्या द्या," वाणी म्हणाला. "चार लोकांत द्या. पण असे गप्प बसू नका."

"तिनं विचारलं होतं," म्हातारा म्हणाला. "मिळाली का म्हणून. मी सांगितलं, लेकुरवाळीला दिली. बरं केलंत, म्हणाली."

वाणी उंबऱ्यावरच खाली बसला.

पुढे त्यानं आतली सगळी पोती बाहेर आणली, बापासारख्या राशी लावल्या. पण लोकांना सवय लागली ती लागली. भरल्या राशीपुढेही ते एकमेकांना कोपरं मारत. मागे सरणारं आता कुणी नव्हतं, कारण म्हातारा दुकानाची पायरी पुन्हा चढला नाही. त्या दिवशी उंबऱ्यावर बसलेल्या वाण्याला त्यानं पिशवी परत दिली होती आणि एवढंच म्हटलं होतं,

"शेट, दुकानाच्या दारातली खोटी हाक पुढे घुसणाऱ्याचं काही बिघडवत नाही, जो तिच्यावर विश्वास ठेवून मागे सरतो, त्याचंच घर ती बुडवते."