बांधातले खेकडे

फार पूर्वी वेणुपुरात अरिंदम नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या नदीकाठच्या कोळीवस्तीत जन्मले होते. त्यांचे नाव शाल्मल. कुळाचा धंदा मासेमारीचा, पण जाणते झाल्यापासून ते गळाला हात लावीत नसत. लोकांना जाळी विणून देत, होड्यांची डागडुजी करीत आणि पाण्याचा रंग पाहून नदी उद्या काय करणार ते सांगत. ते बहुधा खरे निघे, म्हणून वस्तीने त्यांना आपला जेठा, म्हणजे प्रमुख केले होते. कोळी माणूस स्वतःच्या बापाचे ऐकेलच असे नाही, पण शाल्मलांचे सगळे ऐकत.

ही कथा मात्र त्यांच्या भाच्यापासून सुरू होते. त्याचे नाव रोहक. गळ टाकण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता आणि हे लोकांना दुसऱ्या कोणी सांगावे एवढी वाट तो कधी पाहत नसे. मासा हातभर असला तर त्याच्या तोंडून तो पुरुषभर होऊन निघे. तरी मनाचा तो वाईट नव्हता. घाई करणारा होता, एवढेच.

वेणुपूर नदीच्या पातळीहून खाली वसले होते. नदी आणि नगर यांच्यामध्ये मातीचा उंच बांध होता आणि पावसाळ्यात सगळ्या नगराचा जीव त्या बांधावर असे. बांधाच्या अगदी पायथ्याशी कुंभारआळी होती. रोहकाची बायको उत्पला तिथलीच, तिचे आईबाप अजून तिथेच राहत. बांधाला पहार लावणाऱ्याचा उजवा हात मनगटातून तोडावा असा राजाचा नियम होता. आजोबांच्या काळी तो दोनदा अमलात आला होता, त्यामुळे कोणाला तो पुन्हा वाचून दाखवावा लागत नसे.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता शेजारचा राजा पाहुणा म्हणून येणार होता. राजांना पाहुणचाराची हौस आली की प्रजेच्या जिवाला घोर लागतो. अरिंदमाने दवंडी पिटवली की नदीतल्या मणिडोहातला जुना खडस मासा जो चार दिवसांच्या आत आणील, त्याच्या वस्तीला तो डोह कायमचा मिळेल. कोळ्यांना त्या डोहासाठी दरवर्षी राजवाड्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. रोहकाने दवंडी ऐकली आणि भर वस्तीत सांगून टाकले की डोह आता आपलाच समजा.

बोलून बसला, पण खडस हा मोठा चोखंदळ मासा. गांडूळ, बेडकी, कणकेचा गोळा यांना तो तोंड लावीत नसे. त्याला हवा असे नुकतीच कात टाकलेला मऊ खेकडा. टणक खेकडा धरणे सोपे असते. बिळात वेताची काडी सारावी, तो रागावून तिला नांगीत धरतो आणि काडीबरोबर बाहेर येतो. मऊ खेकड्याच्या नांगीत जोर नसतो. तो बिळात गप्प पडून राहतो आणि त्याला खणूनच काढावे लागते. कोळी असे खेकडे नदीतल्या वाळूच्या बेटावरून आणीत. ते बेट आता पुराखाली गेले होते.

पहिल्या दिवशी रोहकाने बांधाकडे पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी पाहिले. नगराच्या अंगाला, लव्हाळ्याच्या आडोशाने, बांधात बिळेच बिळे होती. दोन दिवसांत त्याने सात बिळे खणली. मऊ खेकडे आमिषाला ठेवले आणि जे टणक निघाले ते ओल्या टोपलीत कात टाकतील या आशेवर राखले. मग रिकाम्या बिळांची तोंडे मातीने लिंपली. उघड्या बिळात साप शिरतो आणि मग वर्षभर तिथे खेकडा फिरकत नाही, म्हणून ही कोळ्यांची जुनी रीत. बेटावर ती शहाणपणाची होती. कोळ्याच्या लेखी बीळ म्हणजे खेकड्याचे घर, ती पाण्याची वाटही असते हे त्याच्या मनात येत नाही. रोहकाने लिंपण आंगठ्याने दाबून गुळगुळीत केले आणि आपण काही वावगे केले नाही असे मनाला समजावले. फक्त सातव्या बिळात त्याच्या पहारीचे टोक तुटून आत राहिले. ते टोक वस्तीतल्या कोणीही ओळखले असते.

चौथ्या दिवशी सकाळपासून नदी चढू लागली. दुपारी मणिडोहावर रोहकाच्या दोराला असा हिसका बसला की तो गुडघ्यांवर आला. खडस लागला होता. त्याने दोर काठावरच्या करंजाला दोन वेढे देऊन धरला. तळहात सोलून निघाले तरी त्याला त्याचे काही वाटले नाही. मासा एकदा वर आला, त्याची पाठ दिसली, आणि शेजारी उभ्या उत्पलाच्या हातातली खेकड्यांची टोपली खाली पडता पडता राहिली.

तेवढ्यात शाल्मल आले. ते धावत आले असावेत, कारण त्यांना धाप लागली होती. तरी ते शांतपणे बोलले.

"बांधाच्या आतल्या अंगाला पाणी झिरपते आहे. तांबडे पाणी, माती घेऊन येते आहे."

रोहकाला आपली सात लिंपणे आठवली. तरी तोंडातून निघाले ते असे: "मामा, मासा लागला आहे."

"दिसतो आहे मला."

"मग झिरपते तिथे कोणाला तरी लिंपायला सांगा."

"तिथे आधीच लिंपलेले आहे," शाल्मल म्हणाले. "म्हणूनच भीती आहे. बिळे आरपार आहेत, नदीकडून पाणी आत शिरते आणि त्याला बाहेर पडायला वाट नाही. ते बांधाच्या पोटात पसरते आहे. लिंपण काढून पाणी वाहू द्यायला हवे आणि नदीच्या अंगाची तोंडे बुजवायला हवीत. बिळे कुठे आहेत ते दाखवणारा माणूस मला हवा. त्याला ती कशी ठाऊक, हे मी विचारत नाही."

दोर करकरत होता. थोडा वेळ मिळाला तर मासा थकला असता. पण तेवढा वेळ बांधाजवळ आहे का, हे विचारायचे धाडस रोहकाला होईना. त्याने उत्पलाकडे पाहिले. ती कुंभारआळीच्या दिशेने पाहत होती. रोहकाने कमरेची सुरी काढली आणि दोर कापला. डोह गेला. त्याला रडू आले आणि ते पुसायलाही तो थांबला नाही.

शाल्मलांनी उत्पलाच्या हातातली टोपली घेतली. आत वीसेक टणक खेकडे एकमेकांवर चढत होते. जेवढा बारीक दोर असेल तेवढा घे, पण त्याला गळ ठेवू नकोस, असे त्यांनी रोहकाला बजावले आणि तिघे बांधाकडे पळाले.

रोहकाने एकामागून एक सहा बिळे दाखवली. सातवे त्याने दाखवले नाही. सहा बिळांचा आळ खेकड्यांवर घालता आला असता, सातव्यात त्याचे लोखंड होते. ते अजून कोरडे दिसत होते. ते टिकेल, असे तो मनाशी म्हणाला. त्याने सहा तोंडांवरचे लिंपण काढले आणि सहाही तोंडांतून तांबडे पाणी उसळून बाहेर आले.

हे पाहायला नेमका बांधाचा अधिकारी कालसेन येऊन पोचला. फुटू पाहणाऱ्या बांधाला दोन कोळी आणखी भोके पाडीत आहेत, असेच त्याला दिसले. दुसरे काय दिसणार? त्याने भालाईतांना पुढे केले. भाल्याचे टोक छातीशी असतानाही शाल्मल मागे सरले नाहीत. त्यांनी त्याला सगळे समजावून सांगितले आणि फक्त एक घटका मागितली. एका घटकेत हे पाणी निवळले नाही तर भाला इथेच आहे आणि मीही इथेच आहे, असे ते म्हणाले. कालसेन कडक होता, पण मूर्ख नव्हता. त्याने स्वतःची माणसे कुंभारआळीत मळलेली माती आणायला पिटाळली.

नदीच्या अंगाला पाणी गढूळ होते आणि बिळांची तोंडे त्याखाली कुठे आहेत ते कोणालाच दिसत नव्हते. शाल्मलांनी एकेका खेकड्याच्या मागच्या पायाला दोर बांधला आणि त्यांना सहा बिळांच्या समोर पाण्यात सोडले. दिवसाउजेडी खेकडा उघड्यावर थांबत नाही, जवळचे बीळ शोधतो. रोहकाच्या बोटांतून दोर हळूहळू सरकत गेला, थांबला, पुन्हा आत ओढला गेला. जन्मभर त्याने दोराच्या टोकाशी मारायला आमिष बांधले होते. आज त्याच दोराने नगर वाचणार की नाही, हे एका खेकड्याच्या चालीवर होते. तो श्वास कोंडून दोर धरून खाली गेला आणि चाचपडत राहिला. दोर जिथे मातीत शिरत होता तिथे त्याने मळलेल्या मातीचा गोळा खोलवर कोंबला.

आतल्या अंगाला उत्पला उभी राहून पाण्याचा रंग पाहत होती. पहिल्या तोंडाचे पाणी निवळले, मग त्याची नुसती धार राहिली, मग थेंब. दुसऱ्याचे तसेच झाले. दर वेळी तिने ओरडून सांगितले आणि दर वेळी रोहक पुन्हा पाण्यात गेला. सहावे निवळले तेव्हा भालाईतांनी भाले खाली टेकले आणि कालसेनाने घाम पुसला.

शाल्मल मात्र बांधाच्या माथ्यावर एकाच ठिकाणी पाहत होते. तिथली माती वीतभर खचली होती. त्यांनी आधी मातीकडे आणि मग भाच्याकडे पाहिले, पण बोलले काहीच नाही.

रोहकाला ते न बोलणे सोसवेना. मामांनी विचारले असते तर तो कदाचित खोटे बोलला असता. खाली आळीतली बायामाणसे मातीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन येत होती आणि त्यांत सगळ्यांत पुढे त्याची सासू होती. तो लव्हाळ्यात घुसला. कालसेनाच्या देखत त्याने सातव्या बिळाचे लिंपण दोन्ही हातांनी ओरबाडून काढले. पाणी त्याच्या तोंडावर आदळले आणि त्याबरोबर लोखंडाचे टोक बाहेर येऊन पायाशी पडले.

"हे माझे आहे," तो म्हणाला. "सातही बिळे मीच खणली. आधी हे बुजवू द्या."

कालसेनाने त्याला अडवले नाही. बीळ मोठे होते, तीन खेकडे सोडले तेव्हा एकाने बिळाचे तोंड दाखवले. रोहक चार वेळा खाली गेला आणि चौथ्या वेळी वर येताना त्याच्या नाकातून रक्त येत होते. आतल्या अंगाचे पाणी बराच वेळ तांबडेच राहिले. शेवटी उत्पलाने सांगितले की निवळले, आणि ती होती तिथेच बसली. त्यानंतर रोहकाचे हात पाठीमागे बांधले गेले.

दुसऱ्या दिवशी नदी ओसरली. पाहुणा राजा येऊन पोचला होता, त्याला खडस मिळाला नव्हता. अरिंदम त्याच्या शेजारी चिडून बसला होता. कालसेनाने घडले ते सगळे सांगितले, रोहकाने सातवे बीळ आपणहून उघडले हेही सांगितले. राजा म्हणाला की नियम तो नियम, हात पुढे करा. रोहकाने हात पुढे केला.

शाल्मल पुढे आले. जेठा दया मागणार असे सगळ्यांना वाटले.

"महाराज," ते म्हणाले, "परवा मी याच्या टोपलीत मऊ खेकडे पाहिले. वाळूचे बेट पाण्याखाली आहे, हे वस्तीत सर्वांत आधी मीच सांगितले होते. मग हे खेकडे कुठले, हे मला कळायला हवे होते, आणि कळलेही होते. मी विचारले नाही, कारण डोह मलाही हवा होता. हा तरुण आहे, त्याला बिळाची रीत तेवढी ठाऊक. पाण्याची रीत मला ठाऊक होती. हात तोडायचा तर आधी माझा तोडा."

आणि त्यांनी आपला हात भाच्याच्या हाताशेजारी ठेवला.

रोहकाने मान वळवून मामांकडे पाहिले. हे त्यांना कोणी विचारले नव्हते आणि त्यांनी सांगितले नसते तर ते कोणाला कधीच कळले नसते. आपण लोखंड समोर पडले तेव्हा बोललो, याची त्याला फार लाज वाटली. राजा दोन्ही हातांकडे बराच वेळ पाहत राहिला. आपल्या हौसेपायी सगळे नगर वाहून गेले असते, याचा हिशेब त्यालाही लागला असावा. पाहुण्याला मासा खाऊ घालण्यासाठी दवंडी पिटवणारा कोण होता, हेही त्याला आठवले असेल. त्याने दोघांना हात मागे घ्यायला सांगितले. डोह मात्र त्याने वस्तीला दिला नाही, आणि वस्तीने तो पुन्हा मागितला नाही.

बोधिसत्त्व पुढे बुद्ध झाले. त्या शास्त्यांनी, म्हणजे गुरूंनी, ही कथा भिक्षूंना सांगितली आणि कोण कोण होते तेही सांगितले. त्या जन्मीचा रोहक म्हणजे शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसलेला भिक्षू सोमिल, ज्याने आपला दोष उघड झाल्यावर कबूल केला आणि तेवढ्याने आपली सुटका झाली असे मानले. उत्पला म्हणजे त्याची बहीण, जी आज भिक्षुणी आहे. कालसेन म्हणजे विहाराच्या दाराशी उभा असलेला उपासक, आणि अरिंदम म्हणजे ज्याने आजचे भोजन दिले तो श्रेष्ठी. "आणि परवा टोपलीत पाहून गप्प राहिलेला जेठा," शास्ते म्हणाले, "तो मी होतो."

कोणी विचारलेले नसताना स्वतःविरुद्ध बोलता येणे, याला सत्यपारमिता म्हणतात.