गोल तंबूतली ओल

“पण मग पाणी येतंय कुठून, आबा?”

म्हाकूआबा चातीवर लोकर कातत होते, ते कातत राहिले.

श्रीरंग वाळिंबे त्यांच्या झोपडीच्या दारात उभा होता. तिसऱ्यांदा विचारत होता, आणि आता त्याचा आवाज चढला होता.

पुण्यात वीस वर्षं त्यानं लोकांच्या गळक्या गच्च्या दुरुस्त केल्या होत्या. वॉटरप्रूफिंगचा ठेकेदार. स्लॅबवर नुसता हात फिरवून गळती कुठं आहे ते सांगायचा, आणि सांगायचा तेही जरा तोऱ्यातच. मग एक दिवस त्याचं कशातच मन लागेना. कुणीतरी म्हणालं, घाटमाथ्यावर एक म्हातारा धनगर आहे, मेंढरं मुलांच्या हवाली करून एकटा राहतो. बोलतो कमी, पण त्याच्याजवळ बसलं की जिवाला बरं वाटतं.

हा आला. पायांवर डोकं ठेवून म्हणाला, “मला शिष्य करा.”

आबा म्हणाले, “हितं तुझं तू खोपटं उभं कर. पावसाळाभर ऱ्हा. अंथरूण सुकं ऱ्हायलं तर दसऱ्याला बोलू. वलं झालं तर घरला जायाचं, आन् माघारी यायाचं न्हाई.”

श्रीरंगला हसूच आलं. परीक्षा घ्यायची तर त्याची, आणि ती ह्यात?

त्यानं मोबाईलवर मंगोलियातला गोल तंबू पाहून ठेवला होता. यर्ट म्हणतात त्याला. बांबूच्या पट्ट्यांची जाळी केली, दुकानाच्या सरकत्या दारासारखी उघडमीट होणारी, आणि ती गोल उभी केली. वरून वासे नेऊन एका लाकडी कड्यात अडकवले. भिंतीला आणि छताला जेन गुंडाळलं. जेन म्हणजे लोकर थापून, तुडवून केलेलं जाड कांबळं. ते आबांनीच करून दिलं होतं.

तिकडचे लोक माथ्यावरचं कडं उघडं ठेवतात. डोक्यावर भोक ठेवून घर बांधणाऱ्यांची श्रीरंगला कीव आली.

त्यानं भोकावर ॲक्रिलिकचं झाकण बसवलं, कडेनं सिलिकॉन भरलं. लोकरीवर बाहेरून ताडपत्री, आतून प्लास्टिक. दाराला रबराची पट्टी. मुंगी शिरेल तर शपथ!

आणि आषाढ संपायच्या आधीच आत थेंब पडायला लागले.

“बादल्या ओतून पाहिल्या, आबा. बाहेरून एक टिपूस येत नाही, लिहून देतो!”

“अंथरूण?”

“…सुकं आहे.”

साफ खोटं. आबांना दाखवायला एक कोरडी चादर त्यानं पिशवीत बांधून ठेवली होती. झोपायचं अंथरूण रोज ओलं व्हायचं, आणि तो ते रोज दार लावून, आतल्या आत स्टोव्हच्या धगीवर सुकवायचा. त्यावर बुरशीचे काळे ठिपके उठले होते. खोकला हटत नव्हता. पण खरं सांगितलं की परत जायचं… आणि परत जाण्यासारखं तिकडं काही उरलं नव्हतं. ह्या एका गोष्टीची त्याला मनापासून भीती वाटत होती.

आबांनी चाती खाली ठेवली. “चल.”

दोघं वाकून तंबूत शिरले. स्टोव्हवर आधण उकळत होतं, वर दोरीवर अंथरूण टांगलेलं होतं. आबांनी ते पाहिलं की नाही, कळलं नाही.

“दार लाव.”

लावलं. बसले.

टप्! श्रीरंगच्या टकलावर थेंब पडला.

“आला! पाहिलंत?”

“भाईर बघून ये.”

तो बाहेर गेला. पाऊस सकाळीच उघडला होता, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं. लख्ख ऊन पडलं होतं आणि ताडपत्री वाळून खडखडीत झाली होती.

तो परत आत आला. छताच्या प्लास्टिकवरून हात फिरवला, जसा स्लॅबवरून फिरवायचा. सगळं ओलंचिंब. खाली आधणाची वाफ. दोरीवरच्या अंथरुणाची वाफ. त्याचा स्वतःचा श्वास.

“हे… आतलंच आहे? माझंच?”

आबांनी कमरेची, मेंढरं भादरायची कातर काढून त्याच्यापुढं धरली. दुसऱ्या हातानं माथ्याकडं बोट केलं.

श्रीरंगचा हात पुढं होईना. वीस वर्षं त्यानं भोकं बुजवली होती. पाडलं एकही नव्हतं.

“पाऊस आत येईल, आबा.”

“यील की.”

“मग?”

“मग जाईल.”

तो आपल्या पत्र्याच्या ट्रंकेवर चढला. कातरीच्या टोकानं सिलिकॉन खरवडलं, झाकण ढकलून दिलं. आतलं प्लास्टिक टराटरा फाडलं. वाफ वर गेली, थंडगार हवा खाली आली. त्यानं महिन्यात पहिल्यांदा छाती भरून श्वास घेतला.

घाटमाथ्यावरचं ऊन ते किती टिकणार! लगेच सर आली. चार थेंब स्टोव्हवर चुरचुरले.

श्रीरंग खाली उतरला आणि तसाच उभा राहिला.

“आबा, मी खोटं बोललो. अंथरूण ओलं आहे. पहिल्या आठवड्यापासून ओलं आहे. तुम्हाला दाखवायला वेगळी चादर ठेवली होती.”

“हं.”

“ठरल्याप्रमाणं निघतो मी.”

तो अंथरूण गुंडाळायला लागला. पन्नाशी उलटलेला माणूस, पण त्याला रडू आवरेना. बुरशीची ती वळकटी पोटाशी धरून तो लहान पोरासारखा हुंदके देत होता.

आबा दाराशी गेले. तिथं थांबले.

“जायाच्या आधी एक काम कर. माझ्या खोपटातलं निजायचं घोंगडं उचल आन् घडी घाल.”

श्रीरंग डोळे पुसत आबांच्या झोपडीत गेला. कोपऱ्यात ते अंथरलेलं होतं. त्यानं उचललं. भलतंच जड लागलं. त्यानं टोक मुठीत दाबलं, तर बोटांतून पाणी गळालं.

“आबा… हे तर ओलं आहे!”

आबा उंबऱ्यावर टेकले. पायाला चिकटलेली लोकर काढत बसले.

“व्हय. चाळीस पावसाळं झालं, वलंच हाय.”