टम्मपुरीचा शोध

साळशिंगीच्या गोलमटोल जहागीरदारांना कोणीतरी ‘टम्मपुरी’ म्हटलं आणि ते त्यांच्या कानावर गेलं. त्यांनी आपल्या पदरच्या रंगभट्ट शास्त्रींना बोलावून फर्मावलं, “शास्त्रीबुवा, हे नाव कोणी पाडलं ते संध्याकाळपर्यंत सांगा, नाहीतर तुमचं वतन गेलं!”

रंगभट्ट शास्त्री दारोदार विचारत हिंडले. कासार म्हणाला, तेलिणीकडून ऐकलं. तेलीण म्हणाली, न्हाव्याकडून. न्हावी हसला, “अहो, तुमच्याकडूनच की! सकाळी सगळ्यांत आधी माझ्याकडेच विचारायला आला होतात ना?”

शास्त्रीबुवा गांगरले. मग गुन्हेगार आपणच की काय?

संध्याकाळी ते हात जोडून उभे राहिले. “सरकार, नाव पाडणारा सापडला नाही. पण माझ्या चौकशीमुळे निम्म्या गावाला ते नाव कळलं. उरलेल्या गावात दवंडी पिटून विचारू?”

जहागीरदार ताडकन उठले. “नको, नको! वतन ठेवा, पण तोंड मिटा!”